नऊ खळ्यांचा माळ

२१ सप्टेंबर १९५८, रविवार

ही वही भूमितीची. पुढची चौदा पाने फाडून चुलीत घातली. उरलेल्या पानांत आता माझे चरित्र लिहीन. भूमितीपेक्षा बरे होईल.

पुण्याचे कॉलेज सोडून आज अकरा दिवस झाले. कारण नीट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी पदरचे काही जोडायला नको. गणिताचे प्राध्यापक भर वर्गात म्हणाले, "कोकणातल्या भातात गणित शिजत नाही." मी उठलो. म्हणालो, "मग तुमच्या भाकरीत शिजवा," आणि जाताना दार असे आपटले की वरची काच खाली आली. तसाच खोलीवर गेलो, वळकटी बांधली आणि वरंधा घाट उतरून घरी.

तुळसाचा यात काही संबंध नाही. मे महिन्यात वाडीतल्या ठमाबाईच्या नातवाच्या लग्नात ती हळद दळता दळता माझ्याकडे बघून हसली, आणि तेव्हापासून माझे पुस्तकात लक्ष नव्हते, हे खरे. पण काच प्राध्यापकांमुळेच फुटली.

बा माझ्याशी बोलत नाहीत. बैलाशी बोलतात, आणि मी जवळ असलो की मोठ्याने. आज म्हणाले, "ढवळ्या, तुला पुन्याला धाडला आसता, तर तूबी शेपूट वर करून आसाच पळत आला आसतास काय रं?" ढवळ्याने मान हलवली. आई पदराआड हसली. या घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

२४ सप्टेंबर

आज विचारून टाकले. मनात ठेवून कुढणे माझ्याच्याने होत नाही.

तुळसाचे वडील म्हणजे कोंडाजी सुभेदार. मराठा पलटणीत होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर पलटण बंदोबस्ताला जपानात गेली, तेव्हा वर्षभर तिकडेच होते. आता पेन्शनीत आहेत. घरात ते आणि तुळसा, दोघेच. मी गेलो तेव्हा कोयत्याला मूठ बसवत होते.

"सुभेदार, तुळसा मला द्या."

त्यांनी वर पाहिले नाही. "काय करतोस?"

"सध्या काही नाही."

"ते दिसतंय. राग आल्यावर काय करतोस?"

"राग? मला राग येतच नाही!" हे मी इतक्या जोरात म्हणालो की पडवीतली कोंबडी उडून अंगणात गेली. आत कोणीतरी फिसकन हसले.

मग सुभेदारांनी एकेक गोष्ट सांगितली. त्यांच्या बहिणीचा मुलगा महिपत परळला रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. तो दिवाळीला येतोय. पण ते पुढे म्हणाले, "लढाईतले माझे मेजरसाहेब आता मुंबैच्या एका हॉटेल कंपनीत भागीदार हायेत. त्यांना डोंगरात हॉटेल काढायचं हाय, आन त्याला लागून गोल्फचं मैदान. आपला वरचा माळ मी त्यांना सुचवलाय. दिवाळी झाली की बघायला येतील. पसंत पडला तर मैदानाचा कारभार बघायला शिकलेला मानूस लागंल. ती जागा तू मिळव, मग भाच्याला मी समजावीन. नाय मिळाली तर हा इषय पुन्हा माझ्या दारात आनायचा नाय."

बाहेर आलो तर अंगणात तुळसा. म्हणाली, "कोंबडीला ओरडलास ना रे? आता आठ दिस आंडं देनार नाय ती."

गोल्फ म्हणजे काय ते मला माहीत नाही. पण मी मिळवणार.

२८ सप्टेंबर

माळावर गेलो. लहानपणापासून इथे गुरे चारली, पण आज पहिल्यांदा बघितला. सोनकीच्या फुलांनी सगळा माळ पिवळा झालेला, मधे कातळ, एका अंगाला कारवीचे रान, खाली शिवथरची दरी आणि समोर अख्खी सह्याद्रीची भिंत. ढग दरीतून वर येतात आणि पायाशी थांबतात.

सुभेदार एका धोंड्यावर बसून सांगत होते. जपानात ते असेच एका डोंगरात होते. थंडीत तिथे पुरुषभर बर्फ पडते, आणि लोक पायाला लाकडी पट्ट्या बांधून त्याच उतारावरून घसरत खाली येतात. उन्हाळ्यात बर्फ वितळले की खालून गवत निघते, आणि त्या गवतावर साहेब लोक गोल्फ खेळतात. गवताची राखण करायला एक म्हातारा होता. सकाळी आला की आधी गवताला वाकून नमस्कार करायचा.

"भाषा कळायची त्याची?"

"त्याला माझी नाय, मला त्याची नाय. दोघं शेतकरी. मी त्याला खुरपं कसं धरायचं ते दाखवलं, त्यानं मला काठी. चेंडू हुकला की तो काठीला हात लावायचा नाय. आधी डोंगराकडं बघायचा. पोटभर बघून झालं की मग दुसरा फटका."

खेळ साधा आहे. गोट्यांच्या खेळात असते तशी गल, पण एक इथे तर दुसरी पार तिकडे. अशा नऊ. काठीने चेंडू मारत मारत गलीत घालायचा. गल लांबून दिसावी म्हणून तिच्यात निशाणाची काठी. कमीत कमी फटक्यांत जो नऊ गली घेईल तो जिंकला. सुभेदारांकडे जपानातून आणलेल्या दोन काठ्या आणि अकरा चेंडू आहेत.

मी म्हणालो, "एवढंच?"

सुभेदार म्हणाले, "एवढंच."

२ ऑक्टोबर

एवढेच नाही.

पहिला फटका चेंडूला लागलाच नाही. दुसऱ्याने मातीचे ढेकूळ उडाले, ते माझ्याच तोंडावर. तिसऱ्याला चेंडू कारवीत. मी काठी भिरकावली. सुभेदारांनी खिशातून सुतळीचे बंडल काढले, तिला एक गाठ मारली आणि परत ठेवले. चौथ्या फटक्याला मी चेंडूच्या आईबापांचा उद्धार केला. पुन्हा एक गाठ. दिवसभरात चौदा-पंधरा गाठी झाल्या असतील. अंतरे मोजत असावेत. लष्करातल्या माणसांची पद्धतच वेगळी.

१० ऑक्टोबर

वाडीत माझे नाव "चेंडूमास्तर" पडले आहे. ठमाबाई वाटेत भेटली. "काय रं सयाजी, कालेजात ह्येच शिकवत्यात? काठीनं चेंडू बिळात घालायला? आमचा मुंगूस ते न शिकता करतो." मी काहीतरी लागट बोलणार होतो, पण ती ऐंशीची आहे आणि माझ्या जन्माला सुईण तीच होती.

एक चमत्कार नोंदवतो. दुपारी जेवायला खाली जाताना मी चेंडू गलीपासून वीस पावलांवर सोडतो, परत येतो तर चेंडू गलीत! असे तीनदा झाले. तुळसाला सांगितले. ती तेव्हा माळावरच गवताचा भारा बांधत होती.

"कावळा आसंल," ती म्हणाली.

"कावळा चेंडू उचलून नेमका गलीत कसा टाकेल?"

"हुशार आसंल. कालेज सोडलेलं नसंल त्यानं."

२३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. सोने वाटून झाल्यावर माळावर मी सुभेदारांना खरे ते सांगितले: आपण बुडालो. गलीभोवतीची जागा गालिच्यासारखी गुळगुळीत हवी, चेंडू नुसता सरपटत गेला पाहिजे. पाऊस गेला आणि गवत वाळून काटा झाले. पाणी द्यावे तर झरा पाव मैल खाली. महिन्याभरात जपानी हिरवळ कुठून आणू? सांगता सांगता माझा आवाज चढला, मी काठी गुडघ्यावर मोडणार होतो. सुभेदारांचा हात खिशात गेला.

तेवढ्यात तुळसा भाकऱ्या घेऊन आली. म्हणाली, "गवतच कशाला पायजे? खळं करा की."

मी काठी खाली ठेवली.

"चेंडू घरंगळायला पायजे ना? नाचनीचा दाना घरंगळतो खळ्यावर, मग चेंडूला काय धाड भरलीय?"

सुभेदार हसायला लागले, ते थांबेचनात. मी मात्र आधी रागावलो, कारण हे मला सुचायला हवे होते.

३० ऑक्टोबर

सात दिवस वही उघडली नाही. हात उचलत नाहीत.

खळे करणे ही बायकांची विद्या आहे, हे मला माहीत नव्हते. तुळसाने मधे खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि फिरून गोल काढला. मी तिला वर्तुळाचे क्षेत्रफळ समजावायला लागलो. म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. दगड येच." मग उकरायचे, खडा न् खडा वेचायचा, खालून डोक्यावरून पाणी आणून शिंपायचे, चोपण्याने बडवायचे, वाळले की पुन्हा शिंपायचे, पुन्हा बडवायचे. शेवटी शेणाने सारवायचे. तिचा हात फिरतो तेव्हा भिजल्या मातीवर अर्धचंद्र उमटत जातात. मी नुसता बघत बसलो तर म्हणाली, "पानी संपलंय."

मधोमध गल. गलीत डालड्याचा लहान डबा पुरला आणि त्यात निशाणाची काठी रोवली. तीन खळी झाली. सहा राहिली.

सात दिवसांत सुभेदारांनी सुतळीला एकच गाठ मारली. मोजणी संपत आली असेल.

१० नोव्हेंबर

नऊच्या नऊ झाली! माळाच्या कडेला उभे राहिले की वाळल्या गवतात नऊ गोल चकाकतात आणि नऊ काठ्यांवर तुळसाच्या जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या फडफडतात. आज मी पहिली गल सहा फटक्यांत घेतली. एकदा चेंडू दरीत गेला तेव्हा ओरडणार होतो, पण सहज समोर पाहिले. डोंगरावर ऊन आले होते. ते बघत राहिलो आणि ओरडायचे राहून गेले.

संध्याकाळी महिपत आला. केस मागे वळवलेले, पायात बूट, तोंडात "टाइम" आणि "चानस". मला म्हणाला, "क्या मास्तर, सुना है गोल्फ खेलते हो!" आणि पिशवीतून सहा नवे गोल्फचे चेंडू काढून दिले. कुठल्याशा जिमखान्याच्या माळ्याकडून मिळवले म्हणे. मला जळवायलाच आणले असणार. घेतले मात्र.

१३ नोव्हेंबर, भाऊबीज

हेही नोंदवून ठेवतो.

आज सुभेदारांच्या घरी गेलो, तर तुळसाने महिपतला पाटावर बसवलेले. टोपी घालून! ती निरांजन घेऊन त्याला ओवाळत होती. कपाळाला कुंकू लावले, तोंडात करंजी घातली, आणि त्याने ताटात ओवाळणी टाकली. माझ्या डोळ्यांदेखत.

मी शेजारी पाट ओढून बसलो आणि म्हणालो, "मलाही ओवाळ."

ती एकदम लाल झाली. "तू नाय बसायचं पाटावर."

"का? तो चालतो आणि मी चालत नाही?"

"नाय चालत म्हटलं ना! ऊठ, जा घरला!" आणि हातातले तबक तसेच घेऊन आत पळाली. महिपत करंजी तोंडात ठेवून असा हसला की त्याला ठसका लागला. सुभेदार पाठ फिरवून खुंटीवरचे उपरणे सारखे करत राहिले, बराच वेळ.

म्हणजे निकाल लागला. त्याला मान आणि मला हाकलून दिले. घरी येऊन आईला सांगितले तर ती पदरात तोंड घालून हसत सुटली. गोठ्यात जाऊन बांना सांगितले, तेही हसले, आणि ढवळ्याला म्हणाले, "आयकलंस काय रं? येवढं शिकून ह्येला पाट कळत नाय."

सगळी वाडी एक झाली आहे. असो. मेजरसाहेब रविवारी येतात. माळ पसंत पडला तर अजून आशा आहे. उद्या त्यांना आणायला महाडला जातो.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळे आठवेल तसे लिहितो.

महाडला मेजरसाहेब काल आले. उंच, पांढऱ्या मिशा, तळाला खिळे असलेले बूट, आणि पिशवीत चौदा काठ्या. आज सकाळी त्यांच्या जीपमधून निघालो. वाटभर मी नऊ गोलांचे वर्णन करत होतो. वरंधला जीप ठेवली आणि माळ चढलो. मी पुढे. वर पोचून "बघा साहेब!" म्हणून हात पसरला.

माळावर जत्रा.

नऊच्या नऊ खळ्यांवर नाचणी. कुठे कणसांचे ढीग, कुठे बैल फिरताहेत, कुठे बाया सुपाने वारा देताहेत. लाल चिंध्यांच्या काठ्यांना बैलांची दावी बांधलेली. पहिल्या खळ्यावर आमचाच ढवळ्या, आणि त्याच्यामागे बा! गोल्फच्या गलीभोवती माझा बाप मळणी करत होता.

माझ्या डोक्यात काय पेटले ते लिहिता येत नाही. धावत गेलो आणि पहिली दिसली ती ठमाबाई, तिच्यावर ओरडायला तोंड उघडले. तीच आधी बोलली.

"आलास? बरं झालं. माझ्या बैलांमागं मानूस नाय."

"हे काय केलंत! कोणाला विचारून?"

"इचारून म्हंजे? खळं सारवलेलं, मधी मेढ रोवलेली. रोवल्या मेढीला नाय म्हनतात व्हय? तरी पोरीला इचारलं मी. तुळसा म्हनली, सयाजीनं केल्यात खळी. तो नाय म्हननार नाय."

मी काठीकडे पाहिले. खळ्याच्या मधोमध बैल बांधायला रोवतात ती मेढ आणि माझ्या निशाणाची काठी, दिसायला दोन्ही एकच. दीड महिना मी ती रोज पाहत होतो.

ठमाबाईने मूठभर नाचणी माझ्या तळहातावर ओतली. "बघ. खडा हाय का एक तरी? आमच्या कातळावर मळलेल्या नाचनीत निम्मी माती. साठ वर्सं भाकरीत कचकच खाल्ली रं मी. ह्या वर्सी भाकरी मऊ लागंल."

मागे मेजरसाहेब उभे होते. बाजूला सुभेदार, त्यांचा हात खिशात. सुतळीचे टोक बाहेर आलेले मला दिसले. नोकरी गेली, तुळसा गेली, सगळे डोळ्यांपुढून गेले. मी समोर डोंगराकडे पाहिले. बराच वेळ पाहिले असेन, कारण ठमाबाई म्हणाली, "आरं, डोंगर कुठं पळतोय? बैल थांबल्यात."

मी वहाणा काढल्या, तिच्या बैलांच्या मागे गेलो आणि "हो ऽ हो ऽ" करत फिरायला लागलो. पलीकडच्या खळ्यावरून बांनी पाहिले. आज ते बैलाशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले. "बैलांस्नी आत घे जरा. दाना कडंला चाललाय." सव्वादोन महिन्यांनी!

मेजरसाहेब खळ्यात पाय ठेवणार, तोच ठमाबाई गरजली, "ए बाबा, पायतान काढ! लक्ष्मी हाय." लढाईत तोफा ऐकलेला माणूस, मुकाट्याने बूट काढून अनवाणी आला. नवव्या खळ्यावर मळणी संपून एका कडेला रास लागली होती, बाकी खळे झाडून लख्ख. तिथे त्यांनी चेंडू टाकला, पायाने जमीन चाचपली, आणि हळूच मारला. चेंडू सरसर गेला, गलीला वळसा घातला आणि राशीत शिरला. साहेब काढायला वाकले तर ठमाबाईने सूप आडवे धरले. "खळ्यावर आलेलं मागारी जात नाय. आन खळ्यावर आलेला मानूसबी रिकामा जात नाय." आणि सूपभर नाचणी त्यांच्या हॅटमध्ये ओतली. साहेब हॅट धरून लहान मुलासारखे हसत राहिले.

"ही जमीन केली कोणी?"

"लेकीनं. आन ह्यानं," सुभेदार म्हणाले.

साहेबांनी गमतीने तुळसाच्या हातात काठी दिली. तिने पदर खोचला, बारा हातांवरून चेंडू मारला, आणि डालड्याचा डबा टणकन वाजला. पहिल्याच फटक्याला! नशीब म्हणतात ते हे.

१७ नोव्हेंबर

माळ नापसंत.

जाताना साहेबांनी स्पष्टच सांगितले. पाणी खाली, पावसात घाट कोसळतो, कंपनी इथे हॉटेल काढणार नाही. "पण जगात इतक्या ठिकाणी खेळलो, अनवाणी इथेच खेळलो. दर वर्षी मळणीला येईन. माझी नाचणी काढून ठेवा."

जीप गेली. मी सुभेदारांना म्हणालो, "ठरल्याप्रमाणे मी हरलो. विषय पुन्हा तुमच्या दारात आणणार नाही." आवाज चढला नाही. चढायला त्राणच नव्हते.

सुभेदारांनी खिशातून सुतळी काढून माझ्या हातात दिली. "उलगड."

एका टोकाला गाठीच गाठी, जपमाळेसारख्या. मग विरळ होत गेलेल्या. मग हातभर लांब अंतर आणि एक. मग नुसती सुतळी, सरळ, टोकापर्यंत.

"ह्यो पयला दिस. पंधरा वेळा तापलास. ह्यो दसरा. ही शेवटची गाठ खळी करताना. आन ह्यो कालचा दिस." त्यांनी सरळ टोक बोटावर धरले. "मी खिशात हात घालून हुबा होतो. वाटलं, आता मारायचीच. नाय मारली."

"म्हणजे तुम्ही अंतरं मोजत नव्हता?"

"अंतरच मोजत होतो."

"आणि महिपत?"

"आरं खुळ्या, भाऊबीजेला वोवाळलं तिनं त्याला! त्याची त्यानं पोयनाडची पोरगी ठरवलीय. आन तुला पाटावरनं का उठवलं, ते आता तरी ध्यानात आलं, का तेबी मीच सांगू?"

ध्यानात आले. पाट आता कळला.

सुभेदारांची एक अट आहे. लग्न वैशाखात, आणि जूनमध्ये मी पुण्याला जाऊन प्राध्यापकांची माफी मागायची, काच भरून द्यायची आणि पुन्हा वर्गात बसायचे. बा म्हणाले, "बस जरूर. पन दार हळू लाव."

२३ नोव्हेंबर

माळावर कोणी नाही. नाचणी घरोघर गेली. तुळसाने एक खळे आपल्यासाठी नव्याने सारवले.

दोघे खेळलो. ती जिंकली. पुन्हा खेळलो. पुन्हा ती. चौथ्या वेळी मी नीट तिच्या हाताकडे पाहिले, आणि मला तो हुशार कावळा कोण ते कळले.

"दीड महिना रोज दुपारी! आणि मला सांगितलंस का नाही गो?"

"तू इचारलंस? तू नुसतं सांगत होतास. क्षेत्रफळ."

माझा पारा चढला. काठी आपटली. बोलायला तोंड उघडले.

तिने कमरेला खोचलेली सुतळी काढली, शांतपणे एक गाठ मारली आणि परत खोचली.

सुतळी आता तिच्याकडे असते. मी विचारले, किती उरली आहे? म्हणाली, "जल्मभर पुरंल."